राणीमायची पोथी

पुस्तक वाईट नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. वाईट असतं तर बरं झालं असतं. वाईट पुस्तकाला शिव्या घालता येतात, रद्दीत देता येतं. माझं गोंदियात पुस्तकांचं दुकान आहे, म्हणजे शाळेची पुस्तकं, गाइडं, वह्या आणि कंपासपेट्या. दिवसभर "दीदी, दसवीं का गाइड आया क्या" ऐकत बसते. वाईट पुस्तकं माझ्या हातून ढिगानं जातात आणि मला त्यांचा राग येत नाही. या पुस्तकाचा येतो. अजून येतो. ते चांगलं आहे म्हणूनच येतो, आणि याला काय म्हणायचं ते मला कळत नाही.

ते आमच्या झाडीपट्टीतल्या एका गोंड राणीचं चरित्र आहे. लेखक मोठे अभ्यासक, प्रकाशक मोठा, पुरस्कारावर पुरस्कार. रविवारच्या पेपरात त्याच्यावर पान पान लिहून आलं होतं. राणीचं नाव मी इथं घेत नाही, कारण आमच्या गावातही कोणी घेत नाही. आमच्याकडं ती राणीमाय. नवेगाव बांधच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत, आमचं गाव आहे आणि गावाची एक बोडी आहे. बोडी म्हणजे लहान तलाव; नवेगावच्या तलावापुढं आमची बोडी परातीतल्या पाण्याएवढी. तिच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली, शेंदूर लावलेला एक उभा दगड आहे. राज्य गेल्यावर राणी जंगलातून चालत चालत इथवर आली, बोडीचं पाणी ओंजळीनं प्याली आणि पाळीवरच तिनं जीव सोडला, असं गाव सांगतं. गावानं तिला तिथंच मातीत दिलं आणि वर तो दगड उभा केला.

त्या दगडाशी आमच्या घराचं जास्तीचं नातं आहे. बाबा लहान असताना त्यांना ताप आला आणि डोक्यात गेला. वैद्यानं हात टेकले. तेव्हा आजीनं त्यांना उचललं, दगडापाशी नेऊन ठेवलं आणि म्हणाली, हा आता तुया. ठेवतेस त ठेव, नेतेस त ने. सकाळी ताप उतरला. तेव्हापासून रोज दिवेलागणीला आमच्या घरून तिथं दिवा जातो. आजी होती तोवर आजीनं नेला, मग बाबांनी. आई गेली त्या दिवशीसुद्धा बाबा स्मशानातून आले, आंघोळ केली आणि दिवा घेऊन पाळीवर गेले.

मागच्या वर्षी बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिस सुरू झालं. मी म्हटलं, माझ्याकडं येऊन राहा, दुकानाच्या वरच घर आहे, दवाखाना दोन गल्ल्या सोडून. शेती तशीही ठेक्यानं दिलेली. तर म्हणाले, "अन् दिवा कोन लावन?" झालं. मग मीच गावात जास्त राहू लागले आणि दुकान नवऱ्यावर सोडलं. डायलिसिसच्या दिवशी सकाळी गाडी सांगायची, बाबांना न्यायचं, संध्याकाळी आणायचं. त्या दवाखान्यात आजूबाजूच्या खाटांवर माणसं चिडून, रडून, थकून येतात. एका गृहस्थांनी तर येणंच सोडलं आणि थोड्या दिवसांनी त्यांची खाट दुसऱ्याला मिळाली. बाबा मात्र पाहुणपणाला निघाल्यासारखा धुतलेला सदरा घालून येत. सुई टोचणाऱ्या सिस्टरला म्हणत, "तुयी मशीन रक्त धुते व बाई. जगवते रानीमाय." ती हिंदीवाली. "हाँ बाबा, हाँ बाबा," म्हणत पट्टी चिकटवायची. मी बाहेरच्या खुर्चीवर बसून ऐकायची. त्या एका भरवशावर बाबा ते सगळं सोसत होते. तो भरवसा गेला तर ते किती दिवस सुईसाठी हात पुढं करतील, याची मला मनातून भीती वाटायची.

आणि अशात कोणीतरी त्यांना मोबाइलवर त्या लेखकांची मुलाखत दाखवली. "बाई, रानीमायचं पुस्तक निघालं म्हंतेत. मोठं बक्षीस भेटलं. आन ना." मी दुकानदारीण, पुस्तक मागवणं माझ्या हातचा मळ. पार्सल आलं ते हातात धरवत नव्हतं एवढं जड. बाबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि देवाच्या पाटाशी ठेवलं.

इथं बाबांच्या दोस्ताबद्दल सांगायला हवं. आमच्या घरामागं राहतात, बाबांच्याच वयाचे, मी त्यांना काका म्हणते. आमच्याकडं श्रावणात घरी पोथी वाचतात आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं, चार ओळी झाल्या की, गावच्या बोलीत अर्थ सांगायचा. अर्थ सांगायचं काम गेली कित्येक वर्षं काकांचं. त्याचे नियम कडक. पोथी पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, अक्षर गाळायचं नाही, आणि एकदा मांडली की अर्धी ठेवायची नाही. समाप्ती करून गाव जेवू घालायचं. दोघा म्हाताऱ्यांनी ठरवलं की यंदा श्रावणात दुसरी पोथी नको, राणीमायचीच वाचू. वाचणार मी.

"बाबा, हे पोथी नोहोय. चरित्र होय," मी म्हटलं.

"पोथीत काय राहते मंग? चरित्रच त राहते," बाबा म्हणाले.

पहिल्या दिवशी धानाची रोवणी आटोपून बाया-माणसं हातपाय धुऊन आली. अंगण भरलं. कोणी फुलं आणली, कोणी दूध. मी डोक्यावर पदर घेऊन पुस्तक उघडलं. पहिलं प्रकरण होतं "साधनांचा आढावा". कोणत्या दप्तरात कोणते कागद मिळाले, कोणाची नक्कल विश्वासार्ह, कोणाची नाही, मोडी वाचताना आधीच्या अभ्यासकाचं कुठं चुकलं. लोक हात जोडून ऐकत होते. चार ओळी झाल्या की मी थांबायची आणि काका घसा साफ करायचे. "म्हंजे असं का, लेखकानं लय कागद वाचले." पुन्हा चार ओळी. "म्हंजे, त्यानं आनखी कागद वाचले." तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "अजून वाचूनच राहिला का गा हा?"

शिवाय प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरात टिपा. मी त्या सोडून पुढं गेले तर काकांनी बोट ठेवलं. "हे खालचं कायले सोडलं? अक्षर गाळाचं नाही." मी म्हटलं, काका, हे संदर्भ आहेत, हे कोणी वाचत नाही. "छापलं कायले मंग?" तेव्हापासून मी टिपासुद्धा वाचल्या. कित्ता, पूर्वोक्त, पृष्ठ अमुक, रुमाल तमुक. एका म्हातारीनं "कित्ता" आला की नमस्कार करायला सुरुवात केली.

हसू येत होतं, पण खरं सांगते, माझा आतून विरस होत होता. मी लहानपणापासून त्या दगडाशी खेळले. माझ्या मनातल्या राणीमायला सावळं, रुंद कपाळ होतं, पायात चांदीचे जाडजूड तोडे होते आणि ती फार लवकर चिडायची, माझ्यासारखी. या पुस्तकात तिला शोधून शोधून मी दमले. प्रकरणंच्या प्रकरणं जमीनमहसुलाची. कोणत्या परगण्यात किती धान, कोणत्या जमीनदारानं कोणाकडं तक्रार केली. राणी यायची ती एखाद्या आज्ञापत्राच्या शेवटी, शिक्क्यापुरती. आणि आली तरी "असावी", "नसावी", "शक्यता नाकारता येत नाही". ती कोणावर भाळली, कोणावर खेकसली, तिला काय खायला आवडायचं, काही म्हणून काही नाही. जे कागदात नाही ते लिहिणार नाही, असं लेखकांनी प्रस्तावनेतच बजावलं होतं, आणि पठ्ठ्यानं शब्द पाळला होता. प्रामाणिक माणूस. मला तो प्रामाणिकपणा दगडासारखा वाटायचा.

लोक गळत गेले. "रानी कवा येते व बाई?" असं आधी विचारायचे, मग विचारेनासे झाले. कोणाचं निंदण निघालं, कोणाची मालिका लागायची. हळूहळू अंगणात बाबा, काका आणि मी एवढेच उरलो. बाबा खुर्चीत ताठ बसून ऐकायचे. डायलिसिसच्या दिवशीही खंड नाही, हाताला पट्टी, चेहरा राखेचा, तरी आल्याबरोबर विचारायचे, "पोथी मांडली का?" आणि वाचन संपलं की रोज एकच प्रश्न. "आपलं गाव नाही आलं अजून?" मी म्हणायची, येईल ना बाबा, अजून बरंच आहे.

पुस्तकाच्या शेवटी नावांची सूची असते, हे दुकानदारणीला सुचायला एवढा वेळ लागला, यावरून मी किती कंटाळले होते ते समजा. एका दुपारी चूल... म्हणजे गॅसवर चहा ठेवला होता आणि सहज मागची पानं चाळली. आमच्या गावाचं नाव. छापलेलं. पुढं पानाचा आकडा. एवढ्या मोठ्या पुस्तकात, एवढ्या मोठ्या माणसानं, आमचं दीडशे उंबऱ्यांचं गाव लिहिलं. मी तिथूनच ओरडले, "बाबा, आपलं गाव आहे पुस्तकात!"

बाबा उठून उभे राहिले. बऱ्याच महिन्यांत मी त्यांना असं झटक्यात उठताना पाहिलं नव्हतं. काठी न घेता ते फाटकापर्यंत गेले आणि रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून सांगू लागले. आणि मी मग ते पान उघडलं.

वर मजकुरात गाव नव्हतं. खाली टीप होती, तीन ओळींची. पूर्वेकडील अनेक गावांत राणीची समाधी म्हणून दगड दाखवले जातात, त्यांना समकालीन कागदपत्रांचा कोणताही आधार नाही. उदाहरणार्थ, अमुक गावच्या, म्हणजे आमच्या गावच्या, बोडीच्या पाळीवरील शिळा ही पाहणीअंती हद्दीचा दगड असल्याचं दिसतं. बस. चहा उतू गेला तरी मी तशीच उभी. म्हणजे लेखक आमच्या गावात येऊन गेले होते. त्यांनी आमचा दगड पाहिला होता, दिव्याची काजळी पाहिली असेल, तेल पाहिलं असेल, आणि जाऊन हे लिहिलं होतं. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. आणि त्याच वेळी मला हेही समजत होतं की बाईसाहेब, तो खरं सांगतोय. बोडीच्या खालून तीन शिवारांच्या हद्दी जातात, हे मलाही ठाऊक होतं.

बाबा अजून फाटकाशी बोलत होते. शब्द परत घ्यायचा तर कसा घ्यायचा? चुकून वाचलं म्हणू? दुसरं कुठलं गाव होतं म्हणू? तोवर शेजारीण खिडकीतून डोकावून विचारून गेली, कोणत्या दिवशी येते आपलं गाव, आम्ही येतो.

मी मागच्या दारानं काकांकडं गेले आणि पुस्तक त्यांच्या पुढ्यात धरलं. त्यांनी चष्मा लावून टीप वाचली, पुन्हा वाचली. बराच वेळ ओट्यावरची माती नखानं खरवडत बसले.

"काका, पोथी इथंच थांबवू. मले बरं नाही म्हनून सांगतो."

"दुखनाईताच्या घरची पोथी अर्धी ठेवाची म्हंतेस? तुया बाप आजच मरन ना."

"मंग काय करू?"

"तू वाच. अर्थ मी सांगतो," काका म्हणाले. आणि उठून आत गेले. ज्या माणसानं जन्मभर अर्थात एक शब्द इकडचा तिकडं केला नाही, तो असं बोलून गेला. मला त्यांच्या मागं जाववलं नाही.

ते पान येईपर्यंतचे दिवस मी कसे वाचले ते माझं मला माहीत. दर दिवशी पान जवळ येत होतं आणि मला ना पुढं जाता येत होतं ना थांबता. मी हळू वाचायची. आवाज बसल्याचं सोंग केलं तर बाबांनी हळदीचं दूध करून दिलं.

शेवटी तो दिवस आला आणि अंगण पहिल्या दिवसासारखं भरलं. पाटाभोवती रांगोळी. सरपंच नारळ घेऊन आले. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता आणि खुर्ची पाटाच्या अगदी जवळ ओढून घेतली होती. मी वरचा मजकूर वाचला, मग टीप वाचली. सगळी वाचली, अक्षर न गाळता. बाबांनी बोटानं विचारलं, कुठं आहे, दाखव. मी गावाच्या नावाखाली त्यांचं बोट नेऊन ठेवलं. त्यांनी ते बोट डोळ्यांना लावलं.

आमच्या गावातल्या माणसाला पेपरातली मराठी समजते, पण "समकालीन" आणि "पाहणीअंती" कानावरून जातं. सगळे काकांकडं बघत होते. काकांनी घसा साफ केला. "म्हंजे असं का," ते म्हणाले, "लेखक म्हंते, बाकी गावचे लोक समाधी आमच्याइथं, आमच्याइथं म्हंतेत, पन त्याईले आधार नाही. मी सोता या गावी आलो, सोता पाहनी केली. बोडीची पाळ पायली, दगड पायला, दिवा पायला. अन् मले पटलं का रानीमाय इथंच आहे." आणि मग ते बोलतच राहिले, राणी कशी चालत आली, पाणी कसं प्याली. बायांनी डोळे पुसले. सरपंचांनी नारळ फोडला. खोबरं वाटलं गेलं, सगळे पाया पडून गेले. मी पुस्तकाकडं बघत बसले होते. काकाही कधी उठून गेले ते मला दिसलं नाही.

अंगण रिकामं झालं. बाबा खुर्चीतच होते.

"आता तू सांग," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"तू वाचलं एवढंसं, अन् तो बोलला लांबलचक. जलमभर अर्थ सांगतो तो, असा कवा बोलला नाही." मग म्हणाले, "तू हद्द म्हनलीस. हद्द मी आयकली."

ज्या माणसानं आयुष्य धानाच्या बांधीत काढलं त्याच्या कानातून "हद्द" कशी निसटणार होती? एवढं आम्हा दोघांना सुचलं नाही. मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मला ते जमलं नाही. मी भांडते, चिडते, गिऱ्हाइकाला उलटून बोलते, पण बाबांच्या तोंडावर खोटं माझ्यानं होत नाही. मी सांगितलं. हद्दीचा दगड आहे म्हणतो, बाबा. कागदात काही नाही म्हणतो.

ते रागावले असते तर मी सोसलं असतं. लेखकाले काय समजते म्हणाले असते तर मीही सुरात सूर मिळवून चार शिव्या घातल्या असत्या. ते मात्र पाटाकडं बघत बसले. खोबऱ्याचा तुकडा हातात तसाच होता.

"मंग ती गेली कुठं?" त्यांनी विचारलं. "वाच पुढं."

"उद्या वाचू."

"आता वाच."

मी वाचलं. अर्थ सांगायला कोणी नव्हतं, मीच सांगत गेले. राणी नागपुरात एका भाड्याच्या घरात राहत होती. तिला थोडी नेमणूक, म्हणजे तनखा, मिळायची, ती वेळेवर येत नसे. शेवटच्या वर्षी ती आजारी पडली. पाय सुजले, मग तोंड सुजलं, लघवी बंद झाली. वैद्य बदलून पाहिले, उपाय चालला नाही. मी वाचता वाचता थांबले. बाबांनी धोतर थोडं वर घेतलं आणि स्वतःच्या सुजलेल्या घोट्याकडं बघितलं.

"हेच होतं तिले," ते म्हणाले.

"तसंच असन, बाबा. त्या काळी औषध नोहतं."

"तिले सोतालेच नाही जगता आलं." हे ते स्वतःशीच बोलले. मग मला विचारलं, "जवळ कोनी होतं का तिच्या? पानी पाजाले?"

मी पान उलटलं. पुढचं पान, मागचं पान, खालच्या टिपा. ती गेली तो दिवस होता, वार होता. तिच्या मागं राहिलेली तांब्याची भांडी होती, दोन शाली होत्या, एक पलंग होता, ते कोणाच्या ताब्यात गेलं तेही होतं. तिच्या उशाशी कोण होतं ते नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मला वाटत होतं की एक नाव सापडावं, एखादी दासी, एखादी म्हातारी, कोणीही, म्हणजे मी बाबांना ते देईन.

"नाही लिहिलं, बाबा."

"मंग काय लिवलं एवढं?" ते म्हणाले. आणि भिंतीचा आधार घेत आत गेले.

समाप्ती झाली, गाव जेवलं. बाबा पंगतीत फिरले, सगळ्यांना वाढा म्हणाले. कोणाला काही कळलं नाही. काका दोन दिवस आमच्याकडं फिरकले नाहीत. पाळीवरच्या दिव्याचं आता काय करायचं, ते बाबांनी मला सांगितलं नाही आणि विचारायचा माझा धीर झाला नाही.

डायलिसिसच्या दिवशी सकाळी गाडी दारात आली. बाबा खाटेवर बसून होते, रात्रीच्याच बनियनवर. मी सदरा काढून ठेवला होता, तो तसाच. गाडीवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला.

"बाबा, उशीर होते."

"राहू दे आज."

"राहू दे म्हंजे? आज नाही गेले त उद्या श्वास लागते. तुमाले मालूम आहे."

"मालूम आहे," ते म्हणाले.

मी बोलले, खूप बोलले. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, रागावले, मशीनची वेळ जाईल म्हणाले, रायपूरला असलेल्या माझ्या बहिणीला फोन लावते म्हणून धमकावलं. ते ऐकत होते, जसं पुस्तक ऐकायचे तसंच. शेवटी माझे शब्द संपले आणि मी त्यांच्यापुढं जमिनीवर बसले. रिती झाले होते. पुढं करण्यासारखं माझ्याकडं काहीच नव्हतं.

"कोनाच्या भरवशावर जाऊ आता, बाई?" त्यांनी विचारलं. खरंच विचारत होते, उत्तर हवं होतं.

"माह्या," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"तू त सोताच भेऊन राहिली," ते म्हणाले. मग सदऱ्यासाठी हात पुढं केला आणि माझ्यासाठी गाडीत जाऊन बसले.